तीन आठवडे झाले, ताप हटेना आणि रिपोर्टात काही सापडेना

शतावरी

"रोज ताप येतो, तीन आठवडे झाले, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, काय करू?" हा प्रश्न इथे अधूनमधून येतोच. मग खाली प्रत्येक जण आपल्या ओळखीतल्या कुणाचा तरी आजार सांगून जातो. कुणाला क्षय निघालेला असतो, कुणाला टायफॉइड, कुणाला काहीच नाही. विचारणाऱ्याच्या पोटात मात्र गोळा येतो. म्हणून सगळं एका जागी लिहिते. मी फिजिशियन आहे. इथे कुणाचं निदान करणार नाही, पण डॉक्टर अशा वेळी काय विचार करतात ते सांगता येईल. फक्त प्रौढांबद्दल लिहितेय, लहान मुलांचं वेगळं असतं.

सगळ्यात आधी, ताप खरंच आहे का ते बघायचं. हे म्हटलं की लोक चिडतात, पण काही जणांचा शोध इथेच संपतो. ३७ सेल्सिअस म्हणजे ९८.६ फॅरनहाइट हा आकडा वुंडरलिख या जर्मन डॉक्टरने १८६८ च्या ग्रंथात रूढ केला. तो सरासरीचा आकडा आहे, त्याच्या वर गेलं की ताप असं नाही. १९९२ मध्ये निरोगी प्रौढांचं तोंडातलं तापमान पुन्हा मोजून झालं, तेव्हा नॉर्मलची वरची हद्द पहाटे ९८.९ आणि दुपारनंतर ९९.९ निघाली. म्हणजे रोज संध्याकाळी ९९.४ येतं, वजन टिकून आहे, ईएसआर आणि सीआरपी (अंगातला दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या टेस्ट) नॉर्मल आहेत, तर बहुतेक वेळा ते त्या माणसाचं रोजचंच तापमान असतं. बायकांमध्ये पाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत ते आणखी थोडं वर असतं.

आता खरा ताप. पीटर्सडॉर्फ आणि बीसन या दोघांनी १९६१ मध्ये १०० रुग्णांचा अभ्यास मांडला आणि व्याख्या बांधली: वेळोवेळी १०१ च्या वर जाणारा ताप, तीन आठवड्यांहून जास्त काळ, आणि हॉस्पिटलात आठवडाभर तपासूनही कारण नाही. तीन आठवडे अशासाठी, की साधे व्हायरल ताप तोवर आपोआप गळून पडतात. १९९१ मध्ये ड्यूरॅक आणि स्ट्रीट यांनी आठवडाभर भरती राहण्याची अट सैल केली, तीन दिवस भरती किंवा ओपीडीच्या तीन फेऱ्या पुरे असं म्हटलं. शिवाय हॉस्पिटलात दुसऱ्या कारणाने असताना आलेला ताप, पांढऱ्या पेशी फार कमी झालेल्यांचा ताप आणि एचआयव्ही बाधितांचा ताप असे वेगळे गट केले. त्या तिन्हींची तपासणी वेगळी आणि घाई जास्त, म्हणून ते इथे सोडून देते.

कारणांची ढोबळ विभागणी अशी: जंतुसंसर्ग, कर्करोग, संसर्ग नसलेला दाह म्हणजे संधिवाताच्या आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचं कुटुंब, आणि मग किरकोळीत औषधांचा ताप, थायरॉइडची सूज, पायातली किंवा फुफ्फुसातली रक्ताची गुठळी वगैरे. पाचवा गट शेवटपर्यंत न सापडणाऱ्यांचा. १९६१ च्या त्या शंभरात ३६ जणांना संसर्ग होता. आता साधे संसर्ग लवकर पकडले जातात, त्यामुळे प्रगत देशांत दाहाचे आजार आणि 'न सापडलेले' यांचा वाटा वाढलाय. क्षय जिथे जास्त तिथे अजूनही तोच आघाडीवर.

आणि क्षय म्हटलं की लोक छातीचा एक्स-रे दाखवतात. दीर्घ तापातला क्षय बरेचदा फुफ्फुसात नसतोच. तो पोटातल्या गाठींत, मणक्यात, यकृतात, अस्थिमज्जेत बसलेला असतो. मिलिअरी प्रकारात, म्हणजे क्षय रक्तातून अंगभर पसरतो तेव्हा, एक्स-रेवरचे बारीक ठिपके सुरुवातीला दिसतही नाहीत. मँटू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) ही क्षयाची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर जंतूशी कधीतरी गाठ पडली होती एवढंच कळतं, आत्ताचा ताप त्याचाच आहे हे नाही. आजार जोरात असताना ती निगेटिव्हही येते.

बाकी संसर्गांत हृदयाच्या झडपेवरचा संसर्ग, पोटातला किंवा ओटीपोटातला पू, दाताच्या मुळाशी दडलेली गळवं, ब्रुसेला (गुरांकडून किंवा न तापवलेल्या दुधातून येणारा जंतू). कर्करोगांत लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा) आणि ल्युकेमिया (रक्ताचा) आधी, मग मूत्रपिंडाचा.

एक गोष्ट मात्र मला ठासून सांगायचीय. अशा तापात दुर्मिळ आजार निघण्यापेक्षा नेहमीचाच आजार आडवळणाने आलेला असण्याची शक्यता जास्त. त्यामुळे फाइलला पंचवीस टेस्ट जोडण्यापेक्षा पेशंटला पुन्हा पहिल्यापासून विचारणं आणि पुन्हा डोक्यापासून पायापर्यंत तपासणं जास्त कामाला येतं. तेही एकदा नाही, दर दोन-तीन दिवसांनी. काल नसलेली मानेतली गाठ आज हाताला लागते. स्टिल्स नावाच्या आजारात फिकट गुलाबी पुरळ ताप चढल्यावरच उठतं आणि उतरला की गायब होतं, सकाळच्या राउंडला ते कुणालाच दिसत नाही. नखांखाली काडीसारख्या लाल रेषा, कानशिलावरची टणक शीर, एकाच मणक्यावर टिचकी मारल्यावर होणारी कळ, ही माहिती कुठल्याही लॅबमधून येत नाही.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देईन.

अडगळीतला_दिवा

वाचनखूण साठवली. माझा प्रश्न विडालचा. माझ्या मेहुण्याला ताप आला की विडाल करतात, ती पॉझिटिव्ह येते, टायफॉइड म्हणून गोळ्या देतात. चार दिवस बरं, की पुन्हा ताप. पुन्हा विडाल, पुन्हा पॉझिटिव्ह. आता तिसरं अँटिबायोटिक चालू आहे. एवढा चिवट टायफॉइड असतो का?

शतावरी

@अडगळीतला_दिवा, तुमचे मेहुणे माझ्यासमोर नाहीत, तेव्हा सर्वसाधारण सांगते. विडाल १८९६ पासूनची टेस्ट आहे. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्यं मोजते. पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल, लस घेतली असेल किंवा जवळच्या नात्यातल्या दुसऱ्या जंतूचा संसर्ग असेल तरी ती पॉझिटिव्ह दाखवते. टायफॉइड जिथे कायम असतो तिथल्या ठणठणीत माणसातही थोडीफार पॉझिटिव्ह येऊ शकते. आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करून पातळी चौपट वाढली तर तिला काही अर्थ. एकट्या विडालवर टायफॉइडचा शिक्का मारला की खऱ्या कारणाचा शोध तिथेच थांबतो, हे जास्त वाईट.

टायफॉइड सिद्ध करायचा तर रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून बघणं, तेही अँटिबायोटिकच्या आधी, पहिल्या आठवड्यात. गोळ्या सुरू झाल्या असतील तर अस्थिमज्जेच्या कल्चरमध्ये सापडण्याची शक्यता जास्त. त्यांच्या डॉक्टरांना सरळ विचारा, "कल्चर झालं होतं का, आणि ते गोळ्यांच्या आधी की नंतर?"

बेरजेतला_हातचा

सगळीकडे हेच. टेस्टवर टेस्ट, बिलावर बिल, आणि शेवटी "कारण सापडत नाही". त्यापेक्षा पहिल्याच दिवशी एक चांगलं स्ट्राँग अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइड देऊन मोकळं का करत नाहीत? स्टेरॉइडने माझ्या काकांचा ताप दोन दिवसांत उतरला होता.

पेट्रीडिश

@बेरजेतला_हातचा, मी मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये आहे, म्हणून यावर दोन शब्द. आमच्याकडे कल्चरची बाटली येते तेव्हा फॉर्मवर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं: पेशंट अमुक इंजेक्शनवर आहे, चौथा दिवस. त्या बाटलीत काही उगवलं नाही तर आम्ही निगेटिव्ह कळवतो आणि नातेवाईक म्हणतात रिपोर्ट नॉर्मल. तो नॉर्मल नसतो. जंतू अर्धमेला झालेला असतो, एवढंच.

रक्त किती घेतलं यावरही खूप अवलंबून असतं. प्रौढ माणसाच्या एका बाटलीत ८ ते १० मिली रक्त जायला हवं. येतं कधी तीन, कधी दोन. रक्तात जंतू फार विरळ असतात, रक्त कमी घेतलं की सापडायची शक्यताही कमी. हृदयाच्या झडपेची शंका असेल तर वेगवेगळ्या जागी सुई टोचून तीन सेट घ्यायचे. एकाच जागेचं रक्त तीन बाटल्यांत वाटलं तर त्वचेवरचा जंतू आत आलाय की खरोखर रक्तातला आहे, हे ठरवता येत नाही. वेगवेगळ्या जागांच्या तिन्ही सेटमध्ये तोच जंतू आला तर मग वाद उरत नाही.

आणि एक विनंती डॉक्टर मंडळींना. ब्रुसेलाची शंका असेल तर फॉर्मवर लिहा. तो सावकाश वाढतो, बाटली जास्त दिवस ठेवायचा निर्णय घेता येतो. शिवाय तो हवेतून आमच्याच नाकात जाऊ शकतो, लॅबमधल्या लोकांना त्याची लागण झाल्याची उदाहरणं जगभर आहेत. गुरांशी संबंध किंवा न तापवलेलं दूध, एवढी ओळ फॉर्मवर दिसली तरी आम्ही सावध होतो.

शतावरी

पेट्रीडिश, क्या बात है. हे माझ्याकडून राहिलंच असतं.

@बेरजेतला_हातचा, बिलाबद्दलचा राग समजू शकते. पण स्टेरॉइडने ताप उतरला म्हणजे आजार बरा झाला असं नाही. स्टेरॉइड जवळजवळ कुठल्याही कारणाचा ताप खाली आणतं. लिम्फोमा असेल तर गाठी आक्रसतात आणि मग बायॉप्सीत पेशी ओळखता येत नाहीत. क्षय असेल तर तो पसरतो. अँटिबायोटिकचंही तसंच. लिवोफ्लॉक्सासिनसारखी औषधं क्षयाच्या जंतूला अर्धवट दाबतात, महिनाभर बरं वाटतं आणि निदान तेवढं लांबतं. म्हणून माणूस स्थिर असेल तर नमुने हातात येईपर्यंत थांबणं हाच बरेचदा खरा उपचार असतो. नातेवाइकांना ते "काहीच करत नाहीत" असं वाटतं, आणि आमच्यातलेही काही जण त्या दबावाखाली इंजेक्शन लिहून मोकळे होतात.

थांबायचं नाही अशाही वेळा आहेत. रक्तदाब पडतोय, माणूस गुंगीत आहे, पांढऱ्या पेशी फार कमी आहेत, मेंदूच्या आवरणाच्या किंवा मिलिअरी क्षयाची दाट शंका आहे, तर नमुने घेऊन लगेच उपचार. आणि पन्नाशीपुढच्या माणसाला कानशिलाच्या शिरेचा आजार वाटत असेल तर स्टेरॉइड त्याच दिवशी.

निर्माल्य

कानशिलाच्या शिरेचं वाचून लिहावंसं वाटलं. माझ्या मावशीला सत्तरी उलटल्यावर हाच आजार झाला. ताप, भूक नाही, वजन उतरलेलं. सोनोग्राफी, सीटी, कॅन्सरचे मार्कर सगळं झालं. ती आधीपासून म्हणत होती की केस विंचरताना टाळूला हात लावू देववत नाही, आणि जेवताना दोन घास चावले की जबडा भरून येतो, थांबावं लागतं. आम्ही म्हणायचो कवळी नीट बसत नसेल. दातांच्या डॉक्टरांनी कवळी बदलूनही दिली. मग एका नव्या डॉक्टरांनी "जेवताना काय होतं?" एवढंच विचारलं आणि पुढचं सगळं पटापट झालं. ईएसआर शंभरच्या वर होता.

शतावरी

निर्माल्य, ही हकीकत वैद्यकीय विद्यार्थ्यांना वाचून दाखवावी अशी आहे. जायंट सेल आर्टेरायटिस. पन्नाशीच्या आत जवळजवळ होत नाही. चावताना जबड्याच्या स्नायूंना रक्त अपुरं पडतं म्हणून तो भरून येतो. धोका डोळ्यांचा असतो, अचानक दृष्टी जाऊ शकते आणि गेलेली सहसा परत येत नाही, म्हणून बायॉप्सीसाठी स्टेरॉइड अडवून ठेवायचं नाही. उपचार सुरू केल्यावरही आठवडा-दोन आठवडे बायॉप्सीत खुणा सापडतात. मावशी आता कशा आहेत?

निर्माल्य

ठीक आहे. स्टेरॉइडचा डोस हळूहळू कमी करताहेत. साखर वाढलीय, त्यावरून रोज कुरकुर.

कोरा_कागद

माझ्या भावाची गोष्ट. अपघातानंतर डोक्याला मार लागला म्हणून फिटची गोळी, फेनिटॉइन, सुरू केली. काही आठवड्यांत १०२-१०३ ताप. कल्चर निगेटिव्ह, स्कॅन स्वच्छ. गंमत म्हणजे ताप १०३ असताना हा पलंगावर बसून मोबाइलवर मॅच बघतोय. शेवटी न्यूरॉलॉजिस्टनी गोळी बदलली आणि ताप दोन-तीन दिवसांत गेला. औषधाने ताप उतरतो हे माहीत होतं, चढतो हे पहिल्यांदा कळलं.

शतावरी

हो, आणि पलंगावर बसून मॅच बघणं हा त्यातला महत्त्वाचा धागा. औषधाच्या तापात माणूस तापाच्या मानाने बरा दिसतो. नेहमी तापाबरोबर नाडी वाढते, इथे कधी कधी वाढत नाही. पुरळ किंवा इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढलेले असतील तर सोपं, पण ते नसतात असेच बरेच. साधारणपणे औषध सुरू केल्यावर आठवड्या-दहा दिवसांनी ताप येतो, पण उशिरानेही येऊ शकतो, म्हणून "ही गोळी तर कधीची चालू आहे" हे कारण पुरत नाही. फिटची औषधं, सल्फा आणि पेनिसिलिनच्या कुळातली औषधं यांत हे जास्त दिसतं. म्हणजे तापासाठी दिलेलं अँटिबायोटिकच ताप टिकवून ठेवतंय, असंही होतं.

फिटची गोळी मात्र कुणी आपल्या मनाने बंद करू नका. ती अचानक थांबवली तर फिट थांबेनाशा होऊ शकतात. बदल डॉक्टरांनीच करायचा.

झुळूक_०७

मला मानेत एका बाजूला गाठी आणि संध्याकाळी ताप होता. वय तेव्हा २६. सुईने पाणी काढून तपासलं, "ग्रॅन्युलोमासारखं वाटतं" (क्षयात दिसतो तसा पेशींचा पुंजका) असा रिपोर्ट. लगेच क्षयाची औषधं सुरू करायला सांगितलं. घरच्यांनी दुसरं मत घेतलं, तिथे अख्खी गाठ काढून तपासली आणि किकुची नावाचा गाठींचा आजार निघाला. औषध काहीच नाही, तापापुरती गोळी. काही आठवड्यांत गेला. पहिल्या ठिकाणी ऐकलं असतं तर सहा महिने औषधं खाल्ली असती आणि "क्षयाच्या औषधांनी बरी झाले" म्हणून फिरले असते.

पेट्रीडिश

शेवटचं वाक्य चौकटीत लावण्यासारखं. आपोआप बरे होणाऱ्या आजारात जे औषध चालू असतं त्याला श्रेय मिळतं.

शतावरी

किकुचीचं वर्णन १९७२ मध्ये जपानमध्ये झालं. तरुण बायकांत जास्त, पांढऱ्या पेशी बरेचदा कमी, एक ते चार महिन्यांत आपोआप बरा. सुईने काही पेशीच मिळतात, गाठीची रचना दिसत नाही, म्हणून क्षय, लिम्फोमा आणि किकुची यांत गल्लत होते. शक्य असेल तिथे पूर्ण गाठ काढा, आणि तिचा एक तुकडा फॉर्मलिनमध्ये न घालता सलाइनमध्ये कल्चरला पाठवा. फॉर्मलिनमध्ये बुडवलेल्या तुकड्यातून जंतू उगवत नाही आणि ही चूक ऑपरेशन थिएटरात सर्रास होते. झुळूक, काही जणींना पुढे ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) होतो. सांधे दुखले, चेहऱ्यावर पुरळ आलं तर रक्त तपासून घ्या, एरवी विसरून जा.

अडगळीतला_दिवा

मेहुण्याचं विचारलं. कल्चर झालंच नव्हतं. आता डॉक्टर म्हणताहेत सगळी औषधं दोन-तीन दिवस थांबवून कल्चर घेऊ. घरात कुणीतरी पेट स्कॅन सुचवलाय. डायरेक्ट तोच केला तर?

शतावरी

डॉक्टर बरोबर सांगताहेत. पेट-सीटी चांगली तपासणी आहे, साध्या सीटीत न दिसणारी रक्तवाहिन्यांची सूज, लपलेल्या गाठी, हाडातला संसर्ग ती दाखवते. पण ती जागा दाखवते, कारण नाही. कुठली गाठ काढायची ते कळतं, ती गाठ कशाची हे बायॉप्सीच सांगते. रक्ताची प्राथमिक तपासणी, लघवी, यकृताच्या टेस्ट, कल्चर, एचआयव्ही, छाती-पोटाचं चित्र एवढं झाल्यावरही हात रिकामे असतील तर पेट लवकर करावी, सगळं संपल्यावर शेवटचा उपाय म्हणून नाही. स्टेरॉइड सुरू झाल्यावर तिचा उपयोग घटतो. काही तास उपाशी राहावं लागतं आणि साखर आटोक्यात लागते, मधुमेह असेल तर आधी सांगा.

बेरजेतला_हातचा

आणि एवढं करूनही काही सापडलं नाही तर?

शतावरी

तसं होतं, आणि कमी वेळा होत नाही. पण त्या गटाचं भवितव्य बहुतेक वेळा चांगलं असतं, बऱ्याच जणांचा ताप कारण न सांगताच निघून जातो. अट एकच, की शोध खरोखर नीट झालेला असावा आणि माणूस नजरेखाली राहावा. वजन उतरतंय, हिमोग्लोबिन घसरतंय, नवी गाठ आलीय तर पुन्हा पहिल्या पायरीवर. फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन, रक्तात मोजतात) काही हजारांत आणि सोबत रक्ताच्या तिन्ही प्रकारच्या पेशी घसरताहेत, तर त्याच दिवशी भरती. तो एचएलएच, म्हणजे प्रतिकारशक्ती बेफाम होऊन स्वतःच्याच पेशी खाऊ लागते तो आजार, असू शकतो आणि तिथे वाट बघत बसून चालत नाही.

कोरा_कागद

तापाचा तक्ता कसा ठेवायचा? भावाच्या वेळी आम्ही नुसतं "रात्री ताप होता" असं सांगायचो आणि डॉक्टर वैतागायचे.

शतावरी

थर्मामीटर एकच आणि जागा एकच ठेवा. काखेत तोंडापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतं, पण स्वतःहून काही मिळवू नका, आलेला आकडा लिहा आणि शेजारी "काख". दिवसातून चार वेळा, ठरलेल्या वेळी. गरम-थंड पिऊन झाल्यावर वीस मिनिटं तोंडात लावू नका. शेजारी नाडी लिहा. पॅरासिटामॉल घेतली तर तिची वेळ लिहा. दर सहा तासांनी घड्याळ लावून घेतलीत तर तक्त्यात काहीच दिसणार नाही, त्रास होईल तेव्हाच घ्या. अंगावर पुरळ दिसलं तर तेव्हाच फोटो काढा. हुडहुडी भरली, घामाने कपडे बदलावे लागले, तेही वेळेसकट. सुरू असलेली सगळी औषधं मागच्या पानावर, कधी सुरू झाली त्या तारखेसह, आणि त्यात डोळ्यांचे थेंब, काढे, पावडरी सगळं आलं.

कोरा_कागद

पावडरीसुद्धा?

शतावरी

त्या आधी.